जुनी शिक्षा असताना शस्त्राचा गुन्हा लागला तर: ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी मार्गदर्शक

ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याची बारा बोर घरात असणं नवलाचं नाही, आणि ३१५ बोरचा देशी कट्टा पकडल्याची कारवाईही नेहमीची. लष्कर, मुरार, जनकगंज, कुठल्याही ठाण्यातून फोन आला की घरचे एकच प्रश्न विचारतात: "याच्यावर आधीची केस आहे, आता किती वर्षं लागतील?" याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. जुनी शिक्षा कायद्यात चार ठिकाणी आडवी येते: शस्त्र बाळगण्याची बंदी, जामीन, सुनावणी आणि शिक्षेचं प्रमाण. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा आहे. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी लावल्यामुळे लोक विनाकारण घाबरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे निर्धास्त राहतात.

पहिलं काम: जुन्या निकालाची नक्कल

वकिलाकडे जाण्याआधी, निदान त्याच दिवशी, जुन्या प्रकरणाच्या निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. "आधीची केस" हा शब्द घरात फार सैल वापरला जातो. एफआयआर दाखल होणं, चालान म्हणजे दोषारोपपत्र सादर होणं, खटला चालू असणं आणि दोषी ठरणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात पुढे जे येतं, त्यातलं बहुतेक फक्त दोषी ठरलेल्यालाच लागू होतं.

केस क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराचं नाव, वर्ष आणि जिल्हा टाकून शोधा. सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा ई-कोर्ट्सवरचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला की पुढचं सोपं होतं. फार जुनं प्रकरण तिथे दिसत नाही. मग ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक आणि वर्ष घेऊन जिल्हा न्यायालयाच्या नक्कल शाखेत अर्ज करावा लागतो, आणि फाइल अभिलेखागारातून निघते. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी.

नक्कल हातात आल्यावर पाच गोष्टी टिपून घ्या: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, घटनेची तारीख, निकालाची तारीख, कैद झाली की फक्त दंड, आणि अपिलात काय झालं. कागद हिंदीत असतो. त्यात "दोषमुक्त" लिहिलं असेल तर आरोपी निर्दोष सुटलेला आहे. संशयाचा फायदा देऊन सोडलं असलं तरी ती शिक्षा नव्हे. तडजोडीने मिटलेलं प्रकरण, म्हणजे ज्याला इथे राजीनामा म्हणतात, तेही निर्दोष सुटण्याइतकंच धरलं जातं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम ३५९). "न्यायालय उठने तक" (कोर्ट उठेपर्यंतची कैद) किंवा "भुगती हुई अवधि" (आधीच भोगलेली कैद) असं लिहिलं असेल तर मात्र सावध व्हा. तुरुंगात एक रात्रही जास्त काढावी लागली नसली तरी कागदावर ती कैद आहे, असंच धरून चाला.

दोन अपवाद लक्षात ठेवा. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ३ किंवा ४ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही. आणि घटनेच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असून प्रकरण बाल न्याय मंडळात संपलं असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ तसंच संरक्षण देतं. १६ वर्षांवरच्या मुलाला प्रौढ ठरवून खटला चालवला असेल तर हे संरक्षण मिळत नाही.

कलम ९ आणि कलम ३१ यांची गल्लत करू नका

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये जुन्या शिक्षेचा विचार मुख्यतः दोन कलमांत येतो. दोन्हींचं काम पूर्ण वेगळं आहे. इथून पुढे कायद्याचं नाव न देता कलम लिहिलं असेल, तर एक-दोन आकडी कलम शस्त्र अधिनियमाचं आणि तीन आकडी कलम नागरिक सुरक्षा संहितेचं समजा.

कलम ९ बंदी घालतं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या कोणत्याही गुन्ह्यात कैद झालेल्या माणसाला, ती शिक्षा संपल्यापासून ५ वर्षं बंदूक किंवा काडतूस घेता, ठेवता किंवा बाळगता येत नाही. जुना गुन्हा शस्त्राचाच असायला हवा असं नाही. खून, दरोडा, मारहाण हे हिंसेत येतात. चोरी, फसवणूक हे साधारणपणे नैतिक अधःपतनात धरले जातात. कैद किती दिवसांची हे महत्त्वाचं नाही. फक्त दंड झाला असेल तर हे पोटकलम लागत नाही.

पाच वर्षं मोजताना चूक होते ती सुरुवातीच्या तारखेत. निकालाच्या तारखेपासून मोजायचं नाही, शिक्षा संपल्याच्या तारखेपासून मोजायचं. समजा ३ वर्षांची शिक्षा पूर्ण भोगून माणूस १० मार्च २०२२ ला सुटला, तर बंदी मार्च २०२७ पर्यंत आहे. आणि शिक्षा स्थगित होऊन तो अपिलाच्या जामिनावर बाहेर असेल, तर शिक्षा संपलेलीच नाही. पाच वर्षांची मोजणी अजून सुरू झालेली नाही. "दहा वर्षं झाली त्या केसला" हे वाक्य अशा वेळी कामाचं नसतं.

याच कलमात आणखी एक बंदी आहे, आणि ती लोकांना माहीतच नसते. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बंधपत्र घेण्याचा आदेश झाला आहे, ज्याला इथे सगळे बाउंड ओवर म्हणतात, त्याला बंधपत्राची मुदत असेपर्यंत बंदूक बाळगता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १०७ आणि ११० ही कलमं आता नव्या संहितेत १२६ आणि १२९ झाली आहेत. शेजाऱ्याशी भांडण झालं, दोन्ही बाजूंना बांधलं, सही करून घरी आलो आणि परवान्याची बंदूक कपाटात तशीच राहिली, हे सर्रास घडतं. ती तशी राहू देऊ नका.

कलम ३१ वाढीव शिक्षेचं आहे. शस्त्र अधिनियमाखाली एकदा दोषी ठरलेला माणूस याच अधिनियमाखाली पुन्हा दोषी ठरला, तर नंतरच्या गुन्ह्यासाठी ठेवलेल्या शिक्षेच्या दुप्पट शिक्षेला तो पात्र होतो. इथे जुना गुन्हा शस्त्र अधिनियमाचाच लागतो. खुनाची शिक्षा भोगून आलेल्याला कलम ९ लागेल, पण त्या खुनामुळे कलम ३१ लागणार नाही. उलट, वर्षांपूर्वी सुरीच्या प्रकरणात या कायद्याखाली फक्त दंड झालेल्याला कलम ९ ची ही बंदी लागत नाही, पण कलम ३१ लागू शकतं. त्यात पाच वर्षांसारखी कोणतीही मुदत लिहिलेली नाही.

गुन्हा लागल्यावर कागद वाचा

अटकेची कारणं सांगणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे. त्या पहिल्या हजेरीपर्यंत एफआयआरची प्रत मिळवा आणि कलमं पाहा.

विनापरवाना बंदूक, कट्टा किंवा काडतूस सापडलं तर २५(१-बी)(ए) लागतं. १४ डिसेंबर २०१९ पासून याची शिक्षा किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं आणि दंड अशी आहे. त्याआधी ती १ ते ३ वर्षं होती. घटना त्या तारखेआधीची असेल तर जुनीच शिक्षा लागते, खटला कितीही उशिरा चालो. कलम ९ ची बंदी असलेल्याला शस्त्रासह पकडलं तर त्यासाठी २५(१-बी)(डी) हे वेगळं पोटकलम आहे. एफआयआरमध्ये ते असेल तर पोलिसांनी जुनी शिक्षा आधीच धरली आहे असं समजा, आणि नकलेवरून ती पाच वर्षं खरंच बसतात का ते तपासा. तारखा बसत नसतील तर हा आरोप गळतो. (ए) खालचा मूळ आरोप मात्र त्यामुळे जात नाही.

कट्टा बनवणं किंवा विकणं हे कलम २५(१) मध्ये येतं: किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. बंदी असलेलं शस्त्र, उदाहरणार्थ स्वयंचलित हत्यार, नुसतं बाळगल्याबद्दल २५(१-ए) खाली ७ ते १४ वर्षं. म्हणून जप्ती पत्रकात शस्त्राचं वर्णन काय केलंय ते शब्दन् शब्द वाचा.

दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला मोफत मिळतात; आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्या द्यायच्या असतात (कलम २३०). त्यात हे बघा:

जप्ती पत्रकावर जागा, वेळ, साक्षीदार आणि सील आहे का. १ जुलै २०२४ नंतरच्या झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण कलम १०५ खाली आवश्यक आहे. ते जोडलंय का. मुखबिराची (खबऱ्याची) खबर आणि पथक निघाल्याची नोंद रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, आहे का, आणि वेळा जुळतात का. शस्त्र चालू स्थितीत आहे असा पोलीस लाइनच्या आर्मोररचा (शस्त्रांच्या जाणकार कर्मचाऱ्याचा) किंवा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का, आणि त्याच्याकडे पोहोचेपर्यंत सील शाबूत होतं का.

सगळ्यात जास्त वेळ जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या (कलेक्टरच्या) मंजुरीवर घालवा. कलम ३ च्या, म्हणजे बंदुकीला परवाना हवा या नियमाच्या, उल्लंघनाचा खटला ही मंजुरी आधी घेतल्याशिवाय उभाच राहू शकत नाही (कलम ३९). मंजुरीच्या आदेशावर तारीख कोणती, शस्त्र आणि कागद अधिकाऱ्यासमोर ठेवले होते का, आदेश छापील नमुन्यात नुसती नावं भरून काढलाय का, हे उलटतपासणीत विचारलं जातं. कलम ३९ मध्ये नाव फक्त कलम ३ चं आहे, कलम ९ चं नाही. त्यामुळे (डी) च्या आरोपाविरुद्ध या मुद्द्यावर विसंबून राहू नका.

शस्त्र कोणाच्या ताब्यात होतं हा प्रश्न जुन्या शिक्षेपेक्षा मोठा आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ताबा म्हणजे शस्त्र आपल्याकडे आहे याची जाणीव हवी, आणि ते प्रत्यक्ष हातात नसलं तरी त्यावर आपलं नियंत्रण हवं. चार भाऊ राहतात त्या घराच्या माळ्यावर कट्टा सापडला, तर ज्याच्यावर जुनी केस आहे त्याचाच तो, असं आपोआप होत नाही. खोली कोणाची, कुलूप कोणाचं, किल्ली कोणाकडे हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. तुमच्याकडे भाडेकरार, वेगळं वीजबिल असं काही असेल तर पहिल्याच भेटीत वकिलाला द्या.

जामीन

२५(१-बी)(ए) अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन न्यायालयाच्या विवेकावर. जुन्या शिक्षेचा सर्वांत जड परिणाम संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे. नवा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, असेल आणि आरोपी पूर्वी मृत्युदंड, जन्मठेप किंवा ७ वर्षं वा अधिक कैदेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल, तर दंडाधिकारी सहसा जामीन देऊ शकत नाही. ३ वर्षं किंवा अधिक पण ७ पेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत दोन किंवा अधिक वेळा दोषी ठरलेल्याचंही तेच. महिला, आजारी, अशक्त व्यक्ती किंवा दुसरं विशेष कारण असेल तर न्यायालय सूट देऊ शकतं. दंडाधिकाऱ्याकडे नाकारला गेला तर सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालयाचं ग्वाल्हेर खंडपीठ.

पोलीस जामिनाला विरोध करताना गुन्ह्यांची यादी जोडतात. त्या यादीत निर्दोष सुटलेल्या आणि मिटलेल्या केसेसही असतात, आणि शेवटचा रकाना अनेकदा कोराच असतो. तुम्ही स्वतः तक्ता करा: गुन्हा क्रमांक, कलम, सद्यस्थिती, आणि प्रत्येक सुटकेच्या निकालाची नक्कल. जामीन अर्जात जुनी शिक्षा लपवू नका. यादी समोर आली की अर्जातल्या बाकी सगळ्या शब्दांवरचा विश्वास जातो.

तपास रेंगाळला आणि या कलमात ६० दिवसांत चालान सादर झालं नाही, तर जामीन हा हक्क होतो (कलम १८७). चालान येण्याआधीच त्यासाठी अर्ज द्यायला हवा. खटला लांबला तर कलम ४७९ आहे. पूर्वी कधीच दोषी न ठरलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटू शकतो. बाकीच्यांना अर्धा काळ काढावा लागतो. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. तुरुंगातल्या माणसाची जुनी केस नुसती प्रलंबित पडली असेल, तर ती निकाली काढून घेण्याचं महत्त्व इथे कळतं.

सुनावणीत जुनी शिक्षा कधी बोलायची

दोष ठरेपर्यंत नाही. आधी केलं म्हणून आताही केलं असेल, असा तर्क न्यायालयात चालत नाही. वाईट चारित्र्य हा पुरावा म्हणून आणता येत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ४९). पण बचाव पक्षाने स्वतःच "माणूस सज्जन आहे" असे साक्षीदार उभे केले तर सरकारी पक्षाला जुनी शिक्षा पुढे आणण्याची वाट मोकळी होते. शेजारच्या काकांना चारित्र्याची साक्ष द्यायला बोलावण्याआधी हे वकिलाशी बोलून घ्या.

दुप्पट शिक्षा मागायची असेल तर सरकारी पक्षाला रीत पाळावी लागते. आरोपात जुन्या दोषसिद्धीची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. राहिलं असेल तर शिक्षा सुनावण्याआधी न्यायालय ते जोडू शकतं (कलम २३४(७)). दंडाधिकाऱ्यासमोर चालणाऱ्या वॉरंट खटल्यात (२ वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात) हा भाग आरोपी दोषी ठरेपर्यंत वाचून दाखवायचा नाही, सरकारी पक्षाने त्याचा उल्लेखही करायचा नाही. आरोपीने नाकारलं तर त्यावर वेगळा पुरावा घ्यायचा (कलम २७१(३)). तो पुरावा म्हणजे निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाचं प्रमाणपत्र, आणि शिवाय हाच तो माणूस याची ओळख (कलम ३३४). सारख्या नावाचे, सारख्या वडिलांच्या नावाचे लोक एका मोहल्ल्यात असतात. ठाण्याच्या संगणकातली छापील यादी या कामाला पुरत नाही.

शिक्षा ठरताना

२५(१-बी)(ए) ची कमाल ५ वर्षं कलम ३१ मुळे १० वर पोहोचते. प्रथमवर्ग दंडाधिकारी ३ वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतो. जास्त हवी असं त्याला वाटलं तर तो प्रकरण मुख्य न्यायिक दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो (कलम ३६४), आणि त्याचा अधिकार ७ वर्षांपर्यंत आहे. म्हणून शिक्षेच्या टप्प्यावर न्यायालय बदललं तर गोंधळू नका.

किमान २ वर्षांच्या खाली यायचं असेल तर न्यायालयाला पुरेशी आणि विशेष कारणं निकालात लिहावी लागतात. ती कारणं तुम्ही पुरवायची असतात: वैद्यकीय कागद, अवलंबून असलेल्यांचे पुरावे, नोकरीचं पत्र, तुरुंगातल्या वर्तणुकीचा दाखला, आणि जुन्या शिक्षेनंतर किती वर्षं काहीही घडलं नाही याचा तक्ता. "गरीब आहे, दया करा" एवढं विशेष कारण होत नाही. खटल्याआधी तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (कलम ४६८). तारखा स्वतः मोजून द्या. माणूस आधीच दुसरी शिक्षा भोगत असेल तर नवी शिक्षा ती संपल्यावर सुरू होते. दोन्ही एकत्र चालाव्यात असा आदेश न्यायालयाने स्पष्ट दिला तरच तसं होतं (कलम ४६७), म्हणून ती मागणी त्याच दिवशी तोंडी आणि लेखी करा.

एका गोष्टीबद्दल आम्ही कळकळीने सांगतो. सुरी किंवा तलवार सापडल्याच्या छोट्या प्रकरणात पेशांना, म्हणजे कोर्टाच्या तारखांना, कंटाळून "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो" असा सल्ला न्यायालयाच्या आवारात सहज मिळतो. तो दंड शस्त्र अधिनियमाखालची दोषसिद्धी आहे. पुढे आयुष्यात कधीही या कायद्याखाली दुसरा गुन्हा सिद्ध झाला तर कलम ३१ त्याच कबुलीवर उभं राहतं. वरातीत परवान्याच्या बंदुकीतून बार काढणंसुद्धा २०१९ पासून याच कायद्यातला गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कबुली देण्याआधी हा हिशेब मुलाला समजावून सांगा.

घरातली परवान्याची बंदूक आणि आजोबांची तलवार

परवानाधारकाला कलम ९ ची बंदी लागू झाली की शस्त्र विलंब न लावता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या (कलम २१). परवाना भावाचा असेल आणि बंदी असलेला माणूस त्याच घरात राहत असेल, तर बंदूक कुलपात आणि किल्ली परवानाधारकाच्याच कमरेला. बंदी असलेल्याच्या हाती शस्त्र देणाऱ्यावरही कलम २९ खाली गुन्हा होतो. वडील वारले म्हणजे त्यांचा परवाना मुलाचा होत नाही. कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत नवा अर्ज करेपर्यंत बंदूक जमा ठेवा. त्या अर्जात जुन्या खटल्यांचा आणि शिक्षेचा रकाना खरा भरा, कारण माहिती दडवून घेतलेला परवाना रद्द होतो (कलम १७).

शिंदेशाहीतल्या घराण्यांकडे खंडेनवमीला पुजायच्या तलवारी आणि ठासणीच्या बंदुका असतात. कलम ९ ची बंदी बंदूक आणि काडतुसापुरती आहे, तलवारीला ती लागत नाही. पण तलवार रस्त्यावर मिरवणं हा वेगळा विषय आहे आणि जुनी शिक्षा असलेल्याने ती घराबाहेर काढू नये. जुन्या धाटणीची किंवा पुरातन मोलाची शस्त्रं कलम ४५ मध्ये वगळलेली आहेत, तसंच दुरुस्त करूनही न चालणारी बंदूक. तिच्यासोबत जिवंत काडतूस सापडलं तर ते काडतूस मात्र स्वतंत्र गुन्हा ठरतं. डबे, जुनी पाकिटं, शिकारीचे पट्टे एकदा नीट तपासा, आणि काही मिळालंच तर वकिलामार्फत ठाण्यात जमा करा.

निकाल विरोधात गेला तर

दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचं, आणि सोबतच कलम ४३० खाली शिक्षा स्थगितीचा अर्ज. शिक्षा स्थगित झाली म्हणजे दोषसिद्धी स्थगित झाली असं नव्हे. ती स्वतंत्रपणे मागावी लागते, आणि क्वचित मिळते. न्यायालयाने निकालात परवानाही रद्द केला असेल आणि अपिलात दोषसिद्धी रद्द झाली, तर परवान्यावरचा आदेशही आपोआप निरर्थक ठरतो (कलम १७(७)). तो निकाल घेऊन शस्त्र शाखेत स्वतः जा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा. तुरुंगात किंवा कोठडीत असलेल्या व्यक्तीला, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय क्रमांक १५१०० आहे. जाताना एफआयआरची प्रत आणि जुन्या निकालाची नक्कल सोबत न्या. नक्कल अजून मिळाली नसेल तर तिच्या अर्जाची पावती न्या.